प्रश्न विचारून झाल्यावर थांबा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी माध्यमिक शाळेत परकी भाषा शिकवते. वर्गात ३२ मुलं आहेत आणि तास ४५ मिनिटांचा असतो. प्रश्न विचारला की त्याच पाच-सहा जणांचे हात वर होतात. दहा-बारा मुलं अख्ख्या सत्रात तोंड उघडत नाहीत. त्यांच्यातली एक मुलगी निबंध सुरेख लिहिते, चाचणीत वरच्या पाचांत असते, मधल्या सुट्टीत मैत्रिणींशी मातृभाषेत अखंड बोलत असते. पण माझ्या तासाला गेल्या तीन महिन्यांत ती स्वतःहून एक वाक्यही बोललेली नाही. मी अचानक नाव घेऊन विचारलं, तर ती मान खाली घालून उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले. सहभागासाठी दहा गुण ठेवले, ते नेहमीच्याच मुलांनी नेले. आता पालकांना बोलावू, की स्वभावच तसा आहे म्हणून सोडून देऊ? बोलल्याशिवाय भाषा येत नाही, हे मला पटतं. म्हणूनच स्वस्थ बसवत नाही.

नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यांत मोलाची माहिती मधल्या सुट्टीची आहे. ही मुलगी अबोल नाही, ती तुमच्या तासाला अबोल होते. तेव्हा ‘तिला धीट कसं करायचं’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवू आणि सुट्टीत असं काय असतं जे तासाला नसतं, ते पाहू. सुट्टीत ऐकणाऱ्या दोघी-तिघी असतात, तासाला एकतीस जण आणि तुम्ही. सुट्टीत तिला सांगायचं असतं तेच ती सांगते; तासाला बहुधा तुम्हाला आधीच माहीत असलेलं उत्तर द्यायचं असतं. सुट्टीत शब्द चुकला तर बोलणं पुढे सरकतं, तासाला ते तिथेच थांबतं. त्यात भाषाही नवी. मातृभाषेत हुशार वाटणारं माणूस नव्या भाषेत तीन-चार वर्षांच्या मुलासारखं बोलायला लागतं, आणि तेही चारचौघांत. गणिताच्या तासाला फळ्यापाशी बिनधास्त जाणारी मुलं भाषेच्या तासाला गप्प होतात ती यामुळेच. चांगलं लिहिणाऱ्या मुलीला हे जास्तच टोचतं, कारण आपलं लिहिणं आणि आपलं बोलणं यांतली दरी तिला स्वतःला ऐकू येते.

आता एक प्रश्न अगदी जवळून पाहा. तुम्ही नव्या भाषेत विचारता, ‘काल संध्याकाळी काय केलंस?’ पहिल्यांदा तिला तो प्रश्न नीट कळावा लागतो. मग काय सांगायचं ते ठरतं: भावाची सायकल दुरुस्त केली. ‘दुरुस्त करणं’ हे क्रियापद आठवावं लागतं. ते भूतकाळात न्यायचं, शब्द त्या भाषेच्या क्रमाने लावायचे, अवघड उच्चार ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहायचा आणि मग हात वर करायचा. मातृभाषेच्या गप्पांत एकाचं वाक्य संपल्यापासून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो, कारण हे सगळं आपोआप होतं. नव्या भाषेत प्रत्येक पायरी मुद्दाम चढावी लागते. ती क्रियापदापाशी पोचते तोवर पहिल्या बाकावरचं उत्तर येऊन गेलेलं असतं आणि तुम्ही पुढच्या प्रश्नावर असता. तिचं उत्तर चुकलं नव्हतं, ते अर्धवट राहिलं. असं रोज पाच-सहा वेळा झालं की मूल उत्तर जुळवायलाच घेत नाही.

मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ. १९७०च्या दशकात त्यांनी विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं. हीच वाट तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून पुढे नेली, तर उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. तिथे शिकवणं काही परक्या भाषेचं नव्हतं. भाषेच्या तासाला तीन सेकंद ही सुरुवात समजा. साध्या प्रश्नाला पाच ते सात सेकंद द्या, मत विचारणाऱ्या प्रश्नाला अर्धा मिनिट. मनातल्या मनात खरोखर आकडे मोजा, नाहीतर दोन सेकंदच पाच वाटतात. शांततेचा हा काळ सुरुवातीला तुम्हालाच जड जाईल.

थांबताना एक चूक हमखास होते: वर्ग गप्प दिसला की आपण तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो. हेतू मदतीचा असतो, पण जी मुलगी पहिलं वाक्य समजून उत्तर जुळवत होती तिच्यापुढे आता नवं वाक्य येतं आणि तिला पहिल्या पायरीवर परतावं लागतं. पुन्हा विचारायचंच तर त्याच शब्दांत विचारा. त्याहून चांगलं म्हणजे प्रश्न फळ्यावर लिहून ठेवा. ‘मी सांगेपर्यंत हात वर करायचे नाहीत’ असा नियम करा. वर गेलेला हात बाकीच्यांना सांगतो की आता तुम्ही विचार केला नाहीत तरी चालेल. उत्तर आल्यावरही दोन-तीन सेकंद थांबा. ‘छान’ म्हणून लगेच वळलं की पुढची भर घशातच राहते.

पण वेळ वाढवून सगळी मुलं बोलतील असं मी म्हणणार नाही. गप्प बसण्यामागची कारणं वेगवेगळी असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागत नाही. म्हणून एक साधी पाहणी करा. प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या, मातृभाषेत. तिच्यावर दोन प्रश्न. पहिला: तुला कुठे बोलायला सोपं जातं? एकासोबत, चौघांत, की सगळ्यांसमोर? दुसरा: तासाला बोलावंसं वाटतं पण बोलत नाही, तेव्हा बहुतेक वेळा काय झालेलं असतं? खाली खुणा करायला पर्याय: शब्द सापडत नाही, उत्तर तयार होईपर्यंत दुसरं कोणी बोलतं, चूक होईल असं वाटतं, कोणी हसेल असं वाटतं, सांगण्यासारखं काही नसतं, प्रश्नच कळलेला नसतो. नाव लिहिणं ऐच्छिक ठेवा. पाच मिनिटांत होणारं काम आहे. ‘तू बोलत का नाहीस?’ हा प्रश्न मात्र कोणालाच विचारू नका. मुलांना तो आरोप वाटतो आणि खरं उत्तर त्यांना स्वतःलाही नेमकं माहीत नसतं.

चिठ्ठ्या वाचल्यावर काम सोपं होतं. ‘शब्द सापडत नाही’ असं बरेच जण म्हणाले तर प्रश्नासोबत सहा-सात शब्द आणि वाक्याची सुरुवात फळ्यावर द्या: ‘मी काल...’, ‘मला वाटतं की..., कारण...’. ‘प्रश्नच कळत नाही’ असं असेल तर अडचण ऐकण्यातली आहे, बोलण्यातली नाही. ‘सांगण्यासारखं काही नसतं’ अशा खुणा जास्त आल्या तर आपले प्रश्न तपासायचे. ‘चित्रातल्या मुलाने कोणत्या रंगाचा शर्ट घातलाय?’ याचं उत्तर सगळ्यांना दिसतंच आहे, ते सांगण्यात कोणाला रस असणार? ‘शर्टाच्या रंगावरून हा मुलगा कुठे निघाला असेल?’ असं विचारलं तर रंगांचे तेच शब्द वापरून सांगण्यासारखं काहीतरी निघतं. आणि ‘कोणी हसेल’ यावर पाच-सहा खुणा असतील तर आधी ते मिटवा, बाकी सगळं नंतर. कोणी हसलं त्याच क्षणी, आवाज न चढवता, ‘या तासाला चुकीवर हसायचं नाही’ एवढंच म्हणा आणि बोलणाऱ्याकडे वळून त्याच्या मुद्द्यावर पुढे बोला. लांबलचक समज दिली की वर्गाचं लक्ष त्या चुकीवरच खिळून राहतं.

आता थोडा हिशेब. ४५ मिनिटांपैकी १५ मिनिटं मुलांच्या बोलण्याला दिलीत आणि ती एकेकाने वर्गासमोर बोलण्यात गेली, तर ३२ जणांत प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा मिनिटही येत नाही, आणि तोही पाच-सहा जण खातात. तीच १५ मिनिटं जोड्यांत वाटली तर प्रत्येकाला सात-साडेसात मिनिटं बोलायला मिळतं. बोलल्याशिवाय भाषा येत नाही हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. कॅनडात शालेय विषय फ्रेंचमधून शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून मेरिल स्वेन यांनी १९८५ साली हेच मांडलं: वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून मुलांची समज उत्तम झाली, पण स्वतः वाक्य घडवायची वेळ पुरेशी न आल्याने बोलण्या-लिहिण्यातलं व्याकरण मागे राहिलं. फक्त ‘बोलणं’ म्हणजे ‘सगळ्यांसमोर बोलणं’ असं आपण धरून चालतो, ते सोडायला हवं. शेजारच्या मुलीला सांगितलेलं वाक्यही बोललेलंच असतं.

जोडीचं काम असं लावा. प्रश्न फळ्यावर. अर्धा मिनिट सगळे गप्प, वहीत दोन-तीन शब्द टिपायचे. पूर्ण वाक्य लिहू देऊ नका, कारण वाक्य लिहिलं की मूल ते वाचून दाखवतं, नजर वहीत राहते आणि बोलणं होतच नाही. मग बाकावरच्या एकाला ‘अ’, दुसऱ्याला ‘ब’ म्हणा. एक मिनिट अ बोलणार, ब ऐकून एक प्रश्न विचारणार. टाळी वाजवली की उलट. ही वेळेची वाटणी महत्त्वाची आहे; नुसतं ‘आपसांत बोला’ म्हटलं की बोलकं मूल दोन्ही मिनिटं घेतं. संख्या विषम असेल तर एका ठिकाणी तिघं बसवा आणि तिसऱ्याला प्रश्न विचारण्याचं काम द्या. उरलेल्या मुलाच्या जोडीला तुम्ही स्वतः बसू नका, नाहीतर बाकीच्या वर्गावर लक्ष राहत नाही.

मुलं जोडीत मातृभाषेवर घसरतात, ही सगळ्यांचीच तक्रार असते. बहुतेक वेळा कारण एवढंच असतं की दिलेलं काम हातातल्या भाषेपेक्षा मोठं आहे, किंवा बोलण्याची गरजच नाही. दोघांसमोर तेच चित्र असेल तर सांगायचं काय? ‘अ’च्या चित्रात पाच फरक करून ते ‘ब’ला न दाखवता फरक शोधायला लावा, मग विचारावंच लागतं. काय बोलायचं ते ठरवायला पहिला अर्धा मिनिट मातृभाषेत दिला तरी बिघडत नाही. आणि चार वाक्यं पहिल्याच आठवड्यात तोंडात बसवा, नव्या भाषेतच: ‘पुन्हा सांग’, ‘जरा थांब, विचार करते’, ‘याला काय म्हणतात?’, ‘म्हणजे काय?’. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. अडलेलं मूल गप्प होतं ते बऱ्याचदा ‘मी अडलेय’ हे त्या भाषेत सांगता येत नाही म्हणून.

जोड्या बोलत असताना चुका दुरुस्त करू नका. फिरत राहा, कागदावर तीन-चार चुका आणि एक-दोन चांगली वाक्यं टिपा आणि शेवटी कोणाचंही नाव न घेता फळ्यावर लिहा. वर्गासमोर कोणी बोललं तर दुरुस्ती कशी करावी, हा नाजूक भाग आहे. चुकलेलं वाक्य आपण सहज बरोबर करून म्हणतो. ते सौम्य असतं, पण मुलांच्या ते अनेकदा लक्षातच येत नाही. रॉय लिस्टर आणि लीला रांटा यांनी १९९७ साली फ्रेंचमधून शिकवणाऱ्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शिक्षक हीच पद्धत सर्वांत जास्त वापरताना दिसले आणि मुलांनी तिची दखल सर्वांत कमी घेतली. ‘काल... मी...?’ असा धागा देऊन मुलाकडूनच दुरुस्त करून घेतलं तर ते जास्त टिकतं. माझं मत असं, की बोलकी मुलं असतील तर धागा द्यावा. तीन महिन्यांनी पहिलं वाक्य बोलणाऱ्या मुलीला मात्र देऊ नये. तिचं व्याकरण तिच्या वहीत दिसतंच आहे, ते तिथे दुरुस्त करता येईल.

पहिले दोन आठवडे एवढंच करा, जोड्या बदलत राहा आणि कोणालाही जबरदस्तीने वर्गासमोर उभं करू नका. तिसऱ्या आठवड्यात दोन जोड्या एकत्र आणून चौघांचे गट करा. तिथे आपलं नाही तर जोडीदाराचं म्हणणं सांगायचं: ‘तिने काल भावाची सायकल दुरुस्त केली.’ दुसऱ्याचं सांगताना चूक झाली तरी ती आपली वाटत नाही, आणि ऐकणंही आपोआप नीट होतं. याच सुमाराला ४-३-२ नावाचा सराव आणा. न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांनी त्याचा पुरस्कार केला आहे. एकच विषय पहिल्या श्रोत्याला चार मिनिटांत सांगायचा, दुसऱ्या श्रोत्याला तीन आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत. तुमच्या मुलांना चार मिनिटं लांब वाटतील. ९०, ६० आणि ४५ सेकंद ठेवा. श्रोता नवा असल्याने पुन्हा सांगण्याला अर्थ राहतो, आणि तिसऱ्या खेपेला शब्द शोधावे लागत नाहीत. वर्गासमोर बोलायचं असेल तर ते या तिसऱ्या खेपेनंतर. चौथ्यांदा सांगितलेली गोष्ट ऐकायला वर्ग असला तरी जिभेला ती सवयीची झालेली असते.

आता तुम्ही करून पाहिलेल्या उपायांकडे. अचानक नाव घेणं मुळात वाईट नाही. सगळ्यांनी आधी विचार केला असेल, जोडीत बोलून झालं असेल, तर चिठ्ठी काढून नाव घेता येतं, आणि त्याने पाच-सहा जणांची मक्तेदारीही मोडते. तयारीविना घेतलेलं नाव मात्र पकडल्यासारखं लागतं. डोळे भरून आले ते त्यामुळे. सहभागाचे गुण तुम्ही हात वर करण्याला दिलेत, म्हणून ते हात वर करणाऱ्यांनी नेले. गुण ठेवायचेच तर जोडीत पूर्ण मिनिट बोललं का, जोडीदाराला प्रश्न विचारला का, याला ठेवा. तोंडी परीक्षा एकेकट्याची किंवा जोडीने घ्या आणि विषयांची यादी आठवडाभर आधी द्या.

पालकांना ‘तिला बोलायला सांगा’ म्हणून बोलावू नका. तेच वाक्य संध्याकाळी तिच्यापर्यंत पोचतं आणि दुसऱ्या दिवशीचा तास आणखी अवघड होतो. सोडून देणं हे त्यापेक्षा दयाळू वाटतं खरं, पण त्यात तिचा सराव बुडतो. शिवाय ‘ही न बोलणारी’ ही ओळख वर्षभरात पक्की होते आणि मग बोलायचं तर आधी ती ओळख मोडावी लागते.

तिच्याशी एकदा एकटीशी बोला, तास संपल्यावर, दोन मिनिटं, तिच्या वहीचं निमित्त करून. ‘निबंधातलं हे वाक्य मला आवडलं. गुरुवारी आपण याच विषयावर बोलणार आहोत, तेव्हा मी तुला हेच विचारलं तर चालेल?’ नाही म्हणाली तर तिचं नाही मान्य करा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा. हो म्हणाली तर ठरलेलंच विचारा, त्यात नवा प्रश्न घुसवू नका. घरून मोबाइलवर एक मिनिटाचं बोलणं मुद्रित करून पाठवण्याची सोय सगळ्या वर्गाला द्या. पुन्हा पुन्हा मुद्रित करता येतं याने धीर येतो, पण वर्गातल्या बोलण्याची जागा ते घेऊ शकत नाही, कारण समोरचं माणूस तिथे प्रश्न विचारत नाही.

याच चिंतेने हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. प्रौढांच्या वर्गात भीती बहुधा प्रतिष्ठेची असते. वरिष्ठ आणि त्यांच्या हाताखालचा माणूस एका जोडीत बसवू नका. ऑनलाइन तासाला आधी उत्तर टाइप करू द्या, मग तेच माइक सुरू करून म्हणायला सांगा. नव्या देशात, नव्या भाषेच्या शाळेत आलेलं लहान मूल कित्येक महिने फक्त ऐकत राहतं. खाणाखुणांनी उत्तर देत असेल, सांगितलेलं करत असेल, तर ते शिकतंय. घाई करू नका. मात्र एखादं मूल घरी मोकळं बोलतं पण शाळेत मातृभाषेतही कोणाशीच बोलत नाही, आणि नव्या शाळेचा पहिला महिना सोडूनही हे महिन्याहून जास्त चाललं आहे, तर ते निव्वळ लाजणं नसू शकतं. बोलताना अडखळणं किंवा नीट ऐकू न येणं, अशी शंका असेल तरीही वाचा-उपचारतज्ज्ञांकडे पाठवायला उशीर करू नका. तुमच्या विद्यार्थिनीच्या बाबतीत मधली सुट्टी पाहता तशी भीती वाटत नाही.

तिचं पहिलं वाक्य कदाचित दोन शब्दांचं असेल, आणि हळू आवाजात. अशा वेळी आपण नकळत तिच्या बाकाजवळ जातो. मग ती आणखी हळू बोलते, कारण ऐकणारी जवळ आलेली असते. तिथेच उभ्या राहा, जमलं तर दोन पावलं मागे जा. तिचं वाक्य मोठ्याने पुन्हा म्हणू नका, नाहीतर वर्ग फक्त तुमचंच ऐकायला शिकतो. टाळ्या नकोत, ‘बघा, आज ही बोलली!’ तर अजिबात नको. एवढा गाजावाजा झाला की पुढचं वाक्य महिनाभर येत नाही. तिने सायकलीबद्दल सांगितलं तर सायकलीबद्दलच विचारा: ‘मग चालू झाली का?’ पाच सेकंद थांबा, उत्तर ऐका आणि पुढच्या बाकाकडे वळा.